पाणी हललं, छाती नाही

भूममध्ये बार्शी रस्त्याला आमची ऑइल इंजिन दुरुस्तीची शेड आहे. तिथं कधी कधी कुणीतरी एक्स-रेचं पाकीट घेऊन येतं. इंजिनाच्या गिऱ्हाइकांमध्ये ते माणूस लगेच ओळखू येतं. ते दारातच थांबतं आणि आत बाई कुणी दिसते का ते बघतं. मी हात पुसून बाहेर जाते. सोलापूरच्या वॉर्डातल्या सिस्टरनी पाठवलेलं असतं. "तुमच्याकडं फुंकायचा डबा हाय म्हणं," असं ते हळूच विचारतात.

मला फार बोलता येत नाही. समोरचा माणूस घाबरलेला असला की आणखीच येत नाही. मी डबा दाखवते, फुंकून दाखवते आणि बाकीचं राहून जातं. ते राहून गेलेलं इथं लिहिते आहे. औषधांचं मी काही सांगणार नाही. ते तुमचे डॉक्टर सांगतील. बरं वाटलं म्हणून ती मधेच सोडू नका, एवढंच माझं त्याबाबतीत म्हणणं.

चुना फासल्यासारखी डावी बाजू

बहात्तरच्या दुष्काळात मी सोलापूरला आत्याकडं राहून कॉलेजात शिकत होते. वडिलांनी, म्हणजे आमच्या आण्णांनी, मला लहानपणीच तिच्याकडं ठेवून इंग्रजी शाळेत घातलं होतं. आण्णा आधी एका कापसाच्या जिनिंग मिलमध्ये फिटर होते. मशीनबरोबर आलेली इंग्रजी पुस्तकं त्यांना वाचता यायची नाहीत, आणि ते त्यांना सलत असावं. मी मात्र शाळेत खेड्यातली आणि भूममध्ये इंग्रजी शाळेतली झाले. दोन्हीकडं गप्प बसायची सवय लागली.

त्या सवयीनं आजार लपायला मदतच झाली. संध्याकाळी कणकण यायची, डाव्या कुशीत कळ यायची. कॉलेजचा जिना चढताना मी मधेच थांबून चपलेचा पट्टा नीट करायची, म्हणजे दम लागलाय हे कुणाला दिसू नये. आत्याच्या लक्षात आलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. "अगं सुमन, हल्ली तू बोलताना अर्ध्यातच का थांबतीस?" तिनं विचारलं. वाक्य पुरं होईपर्यंत श्वास पुरत नव्हता. तिनं दुसऱ्याच दिवशी आण्णांना बोलावून घेतलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी माझा एक्स-रे खिडकीसमोर धरला. उजवीकडं फासळ्या मोजता येत होत्या. डावी बाजू चुना फासल्यासारखी पांढरी होती. ते शेजारच्या शिकाऊ डॉक्टरशी इंग्रजीत बोलू लागले. आण्णांचं धोतर आणि माझ्या वेण्या बघून त्यांनी भाषा निवडली असणार. मला सगळं कळत होतं. ट्युबरक्युलर हा शब्द कळला. पाणी काढावं लागेल, फुप्फुस दबून बसलंय, ते पुन्हा उघडेल की नाही सांगता येत नाही, हेही कळलं.

"काय म्हणले गं?" आण्णांनी मला विचारलं.

"छातीत पाणी झालंय म्हणाले."

"आन?"

"आणि ते काढतील म्हणाले."

आण्णा माझ्याकडं बघत राहिले. काही झालंच नव्हतं, आपोआप बंद पडलं, असं सांगणाऱ्या इंजिनमालकाकडं ते असंच बघतात. तेवढ्यात डॉक्टर वळले आणि सरळ मराठीत म्हणाले, "टीबी आहे. बरा होतो." दोन वाक्यांमध्ये ते थांबले नाहीत, हे मी अजून विसरलेले नाही. तुम्हाला कुणी ही बातमी सांगणार असेल तर अशीच सांगो.

वॉर्ड

मला खुर्चीवर उलटं बसवून पाठीत सुई घातली आणि पाणी काचेच्या बरणीत काढलं. ते पिवळसर होतं, गाळलेल्या चहासारखं. बरणी भरत गेली तसे वॉर्डातले सगळे माना वर करून बघायला लागले. शेजारच्या खाटेवर अणदूरची एक आजी होती. ती सुनेला मोठ्यानं म्हणाली, "बघ गं, साऱ्या मुलखात इहिरी आटल्या, अन् हिच्या बरगडीत पाणी लागलं!"

सगळा वॉर्ड हसला. सिस्टरसुद्धा तोंड फिरवून हसल्या. मीही हसले आणि पाठीतल्या सुईनं जीव कळवळला. "हासू नको, हासू नको," असं म्हणत म्हणत सिस्टरच हसत होत्या. दवाखान्यात आल्यापासून मी पहिल्यांदा हसले होते.

त्यानंतरचे दिवस एकाच साच्याचे होते. पहाटे थर्मामीटर, मग इंजेक्शन, मग कानात बारीक शिट्टी वाजत राहायची. पाणी पुन्हा साठलं, पुन्हा काढलं. दुपारी भेटायला येणाऱ्यांकडून गावाकडच्या बातम्या कळायच्या: कुठल्या छावणीत जनावरं नेली, कुठं खडी फोडायचं काम निघालं. एका दुपारी समोरची खाट रिकामी झाली. चादर बदलली आणि संध्याकाळच्या आत तिथं दुसरी बाई आली. अणदूरच्या आजीनं त्या दिवशी विनोद केला नाही. तिनं नुसता हात लांब करून माझ्या खाटेच्या कडेवर ठेवला आणि तसाच राहू दिला.

सोडताना डॉक्टरांनी समजावून सांगितलं. "पाणी गेलं. पण फुप्फुस अजून चिकटून बसलंय. दोन बाटल्या घ्यायच्या, मधे नळी. एकीतलं पाणी फुंकून दुसरीत घालवायचं, दुसरीतलं पहिलीत. रोज. फुप्फुस त्यानं उघडेल."

"आन न्हाय उघडलं तर?" आण्णांनी विचारलं.

"तर मिरजेला पाठवू. ऑपरेशन करावं लागेल."

सिस्टरनी सलाइनच्या दोन रिकाम्या बाटल्या, रबरी बुचं आणि थोडी नळी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत घातली. "फुटतील, सांभाळून ने," एवढंच म्हणाल्या.

खाट शेडमध्ये गेली

भूमचं घर दोन खोल्यांचं आणि माझ्या पाठची तिघं भावंडं लहान. आम्ही सोलापूरहून निघताना आत्यानं आईसाठी बजावून निरोप दिला होता, "कुणाला टीबी सांगू नका, निमोनिया म्हणा. उद्या स्थळं बघायची हायेत." आईनं माझी खाट घराला लागूनच असलेल्या शेडच्या मागच्या बाजूला टाकली. माझं ताट आणि तांब्या वेगळा केला. आमच्याकडं भांड्यावर नाव घालून घेतात. माझ्या ताटावर आईनं नावाऐवजी फुली मारून घेतली. ती मारून दिली शेडमधल्या जुन्या मिस्त्रींनी, रहीमचाचांनी. छिन्नी ठेवून एक ठोका, मग दुसरा. ताट मला देताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

आईचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिला तिघांना वाचवायचं होतं आणि मलाही. पण त्या ताटात जेवताना फुली रोज भाजीखालून वर यायची.

दुष्काळात शेडची तऱ्हाच बदलली होती. विहिरींना पाणी नाही, तर इंजिनं कशाला चालणार? लोक ती आमच्याकडं आणून ठेवत, नाहीतर भंगारात विकून टाकत. आण्णांनी बंद पडलेल्या जिनिंग मिलचं भंगारही गाडीभर आणून टाकलं होतं. पुल्या, पितळी व्हॉल्व्ह, तांब्याच्या नळ्या, काच फुटलेले गेज. माझी खाट या सगळ्याच्या मधोमध होती. रोजची कामं म्हणजे टँकरच्या गळक्या तोट्या, खडीच्या कामावरच्या पहारी, आणि नव्या दूध सोसायटीनं कुठूनतरी जुनं मिळवलेलं, दुधातली फॅट काढायचं हातानं फिरवायचं मशीन. ते गंजून आखडलं होतं. त्याच्याबरोबर इंग्रजी पुस्तिका होती.

आण्णांनी ती माझ्या उशाशी आणून ठेवली. "पडल्या पडल्या वाच," म्हणाले.

पुस्तिका वाचायची तर मशीन बघावं लागतं, आणि मशीन बघायचं तर ते उघडावं लागतं. चार दिवसांत आई दारात उभी.

"पोरगी आजारी हाय का कामाला ठिवलीया?"

"वाचतीय नुसती," आण्णा म्हणाले. "वाचल्यानं काय हुतंय?"

"आन हातात काय हाय तिच्या? पाना न्हाय का तो?"

"पाना धरूनच वाचावं लागतंय ते."

चाचा टँकरच्या तोटीत तोंड खुपसून हसत होते. आई हसली नाही. लोखंडाचा कीस हिच्या छातीत जाईल, ही तिची भीती खरीच होती. शेवटी तह झाला. कानस आणि ग्राइंडर मी शिवायचा नाही. ग्राइंडर सुरू झाला की बाहेर लिंबाखाली जाऊन बसायचं. दुपारी सक्तीनं पडून राहायचं. मी तिन्ही अटी मान्य केल्या.

सिस्टरनी दिलेल्या बाटल्या मी त्याच आठवड्यात जोडल्या. रबरी नळी लगेच मुडपायची, म्हणून एका भंगार इंजिनाची डिझेलची तांब्याची नळी वाकवून बसवली. काम फार देखणं झालं. आणि दोन-तीन दिवसांतच पाणी सरसर या बाटलीतून त्या बाटलीत जायला लागलं. रोज इंजेक्शन द्यायला सायकलवर येणारे कंपाउंडर चकित झाले. "आमचे पेशंट महिनाभर फुरफुर करतात," म्हणाले. आण्णा आल्या-गेल्याला बाटल्या दाखवायला लागले. आईनं संध्याकाळी कधी नव्हे ते शिरा केला.

मिरज

पुढच्या एक्स-रेला आई आणि आण्णा दोघंही आले. डॉक्टरांनी एक्स-रेची जुनी काच आणि नवी काच शेजारी शेजारी धरली. मला काही वाचून घ्यायची गरज नव्हती. खालचा पांढरा भाग होता तिथंच होता.

"व्यायाम करत नाहीस का?" डॉक्टरांनी विचारलं.

"करते."

"रोज करतीय, सायेब," आण्णा पुढं सरकून म्हणाले. "एक बाटली गेली की दुसरी. म्या सोता बघतो."

डॉक्टरांना ते खरं वाटलं नसावं. पण ते रागावले नाहीत. "पुढच्या वेळेपर्यंत बघू. असंच राहिलं तर मिरजेला लिहून देतो. बरगडी कापून आतला थर सोलून काढावा लागतो. मग उशीर करून चालणार नाही."

बसमध्ये आई खिडकीकडं तोंड करून बसली होती. पदर एकसारखा डोळ्यांना जात होता. बाहेर नांगरलेली कोरडी रानं होती. रडण्याचं निमित्त विचारलं असतं तर तिनं धूळ सांगितली असती, म्हणून कुणी विचारलं नाही.

मला मरणाची भीती वाटत नव्हती. डॉक्टरांनी बरा होतो म्हटलं होतं आणि मी ते धरून ठेवलं होतं. मला भीती वाटत होती ती कापण्याची. पाठ उघडी टाकून अनोळखी माणसांसमोर पडणं, बरगडी निघणं, खांदा एका बाजूला कलणं. वॉर्डात अशी एक बाई मी बघितली होती. ती पदर नेहमी त्याच खांद्यावर जाड करून घ्यायची. आणि राग येत होता तो वेगळाच. पाणी तर रोज जात होतं. मग छातीनं काय बिघडवलं होतं?

गाल

उत्तर मला शेडमध्येच मिळालं, आणि तेही नुसतं बघत बसल्यामुळं.

फॅटच्या मशीनची एक पितळी नळी फाटली होती. चाचा ती डाक लावून, म्हणजे सांध्यात धातू वितळवून, जोडत होते. बारीक कामाला ते दिव्याच्या ज्योतीवर तोंडानं फुंकणी मारतात. ज्योत आडवी होऊन सुईसारखी टोकदार होते आणि नेमकी सांध्यावर लागते. ती मधेच तुटता कामा नये. मी खाटेवर पडून बघत होते. चाचांचे गाल बेडकासारखे फुगलेले. ज्योत स्थिर. सदरा उघडा होता आणि आतली छाती अगदी शांत. बरगड्या हलतही नव्हत्या. ते नाकानं सावकाश श्वास घेत होते आणि त्याच वेळी तोंडातून वारा चालूच होता, गालांतून.

शाळेच्या सुट्ट्यांत हे मला त्यांनीच शिकवलं होतं. लहानपणी मी तासन् तास दिव्यावर फुंकणी मारत बसायची. सगळं तोंडात साठवायचं, गालांनी ढकलायचं, नाकानं भरून घ्यायचं. एकदा जमलं की ते अंगात बसतं, आठवावं लागत नाही.

मी उठून बाटल्यांजवळ गेले. डावा हात बरगड्यांवर दाबून धरला आणि फुंकलं. पाणी सरसर गेलं. हाताखाली काही हललं नाही.

"चाचा," मी म्हटलं, "मी गालांनी फुंकतेय."

"मंग? कशानं फुंकायचं?"

"छातीनं!"

चाचांनी दिवा विझवला, माझ्याकडं पाहिलं, बाटल्यांकडं पाहिलं. "या अल्ला," ते म्हणाले. "म्हंजे इतके दिवस सारी कसरत तुज्या थोबाडाची झाली."

मी हसत सुटले, मग रडले, मग पुन्हा हसले. आण्णा पळत आले. त्यांना नीट सांगायला माझ्याजवळ श्वास नव्हता, म्हणून चाचांनीच सांगितलं. आण्णांनी डोक्याला हात लावला. पण मला हलकं वाटत होतं. छातीनं काही बिघडवलेलं नव्हतं. तिला कामच दिलेलं नव्हतं.

डबा

पहिलं काम नाक बंद करायचं होतं. चाचा सायकल चालवताना पायजमा आवळायला पोलादी पट्टी लावायचे. ती त्यांनी काढून दिली. मी ती वाकवून दोन्ही टोकांना ट्यूबचं रबर चिकटवलं आणि नाकावर चढवली. आता गालांची चलाखी चालणार नव्हती. नाक बंद, आणि एकच श्वास.

त्या एका श्वासात किती वारा निघतो हे डोळ्यांना दिसायला हवं होतं. बाटल्यांत पाणी थोड्या थोड्यानं कितीही वेळा ढकलता येत होतं. म्हणून मी एक मोठा तेलाचा डबा अर्धा पाण्यानं भरला आणि त्यात वनस्पती तुपाचा जरा लहान डबा पालथा घातला. आत खालून तांब्याची नळी आणली, तिचं तोंड पाण्याच्या वर राहील अशी. पालथा डबा दोरीनं बांधला, दोरी जिनिंगच्या भंगारातल्या एका छोट्या पुलीवरून घेतली आणि दुसऱ्या टोकाला वजन म्हणून जुने नट ओवले. नळीतून फुंकलं की वारा पालथ्या डब्यात भरतो आणि डबा वर चढतो. जितका श्वास, तितका डबा वर. लबाडी करायला जागाच नाही.

डाक मला चाचांनी लावू दिली नाही. "फुंकणीला आता हात लावशील तर बघ," म्हणाले.

पहिल्या दिवशी डबा चार बोटं वर आला आणि थांबला. तिथं मी खडूनं खूण केली. डोळ्यांपुढं काजवे चमकले. धाकट्या बहिणीनं हट्ट केला म्हणून नळी धुऊन तिला फुंकू दिलं, तर तिचा डबा माझ्या दुप्पट चढला. मग भावंडांनी रांगच लावली. आण्णांनी फुंकलं. विडीमुळं चाचांचा नंबर खाली लागला आणि ते पुलीला दोष द्यायला लागले. हसण्याचा आवाज ऐकून आई कणकेचे हात घेऊन आली.

"काय चाललंय?"

"आई, तू फुंक, तू फुंक!"

"मी काय फुंकू? बाजूला व्हा." पण ती डब्याकडं बघत होती. "कुठनं फुंकायचं?"

मी गडबडीनं नळी उचलली. "थांब, धुऊन आणते. आत्ताच मी तोंड लावलंय."

डॉक्टरांनी मागच्याच वेळी तिला सांगितलं होतं की आता माझ्यापासून कुणाला धोका नाही. ते तिनं ऐकलं होतं, पण ताट काही बदललं नव्हतं. तिनं नळी माझ्या हातातून घेतली, पदरानंही पुसली नाही आणि तोंडाला लावली. सगळा जन्म चुलीत फुंकर मारलेली बाई ती. डबा थेट वर जाऊन पुलीला खण्णकन आपटला.

"अगायायाया!" चाचा ओरडले. "वैनी, तुमाला सोसायटीच्या टँकरला जुपाया पायजे!"

आई पदर तोंडाला लावून हसत घरात गेली. त्या रात्री माझं जेवण फुली नसलेल्या ताटात आलं. मी भाजी दोनदा वाढून घेतली.

एक अडलं की दुसरं

आता खरी मेहनत सुरू झाली आणि ती दिसायला अगदी क्षुल्लक होती. सकाळी इंजेक्शन झालं की नाकाला तो पट्टीचा चिमटा लावून डबा. मग फॅटच्या मशीनची बेअरिंगं रॉकेलमध्ये धुणं. मग पुन्हा डबा. दुपारी उजव्या कुशीवर पडून राहायचं, म्हणजे डाव्या बरगड्या मोकळ्या राहतात. उन्हं उतरली की टँकरची तोटी. मग पुन्हा डबा.

शेडमध्ये मी एक गोष्ट शिकले होते ती इथं कामाला आली. एखादा पार्ट सोलापूरहून यायचा असतो. त्यासाठी इंजिनापुढं डोकं धरून कुणी बसत नाही. ते तसंच झाकून ठेवतात आणि दुसरं काम पुढं ओढतात. डबा ज्या दिवशी जागचा हलायचा नाही त्या दिवशी मी तोटीची गळती काढायची. संध्याकाळी काहीतरी एक झालेलं असायचं. आजारी माणसाला हे फार लागतं. दुसरं काहीच नसेल तर शेंगा फोडा, पण संध्याकाळी पुरं झालेलं काहीतरी डोळ्यांसमोर असू द्या.

मधे एकदा धुळीचं वादळ आलं आणि पाठोपाठ मला ताप भरला. डबा पुन्हा सुरुवातीच्या खुणेवर आला. आठवडाभर कुणी माझ्याकडं सरळ बघेना. आईनं आत जाऊन भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली. शेजारच्या काकूंनी तुळजापूरचा अंगारा आणून दिला. आईनं तोही नमस्कार करून घेतला आणि फळीवर ठेवला. तिनं त्या दिवसांत कुणालाच नाही म्हटलं नाही. तो ताप साध्या सर्दीचा निघाला. उतरल्यावर मी पुन्हा चिमटा लावला, आणि मग डबा असा चढायला लागला की मला खूण रोज खोडावी लागायची.

फॅटचं मशीनही चालू झालं. सोसायटीचे सेक्रेटरी न्यायला आले तेव्हा चाचांनी हँडल फिरवलं आणि मी पुस्तिकेतून कधी थांबायचं ते वाचून दाखवलं. मशीन भिंगरीसारखं फिरलं. "आण्णा, कुणी केलं म्हणायचं हे?" सेक्रेटरींनी विचारलं.

"तिनं," आण्णा म्हणाले.

सेक्रेटरींनी खाटेकडं, डब्याकडं आणि माझ्या नाकावरच्या चिमट्याकडं बघितलं. मी तो काढायला विसरले होते. "बरं बरं," ते म्हणाले, "हे काय दिसतंय ते विचारत न्हाय मी." आणि खाली बसून त्यांनी आमच्याकडचा चहा घेतला. त्या दिवसांत आमच्याकडं चहा घेणं ही साधी गोष्ट नव्हती.

दोन काचा

ठरलेल्या दिवशी मी आणि आण्णा पहाटेच्या गाडीनं निघालो. आई घरीच थांबली. तिला दुसऱ्यांदा ते ऐकवलं नसतं. दवाखान्यात एक्स-रे वाळेपर्यंत आण्णा बाकावर बसून टोपी गुडघ्यावर ठेवत होते, पुन्हा डोक्यावर घालत होते. माझ्या मनात मिरज हा एकच शब्द फिरत होता.

डॉक्टरांनी नवी काच खिडकीसमोर धरली. मग जुनी मागवली. दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. डावीकडं, खाली, जिथं चुना होता तिथं फासळ्या दिसत होत्या. एकामागून एक, थोड्या धूसर, पण होत्या. अगदी कोपऱ्यात पांढरी चिमूट राहिली होती.

"मोठा श्वास घे," ते म्हणाले आणि पाठीला नळी लावली. "पुन्हा. पुन्हा." मग नळी कानातून काढली. "मिरज रद्द."

आण्णांना ते एकदम कळलं नाही. "म्हंजी कधी जायचं?"

"जायचं नाही, मामा. उघडलं फुप्फुस. गोळ्या चालू ठेवा, बाकी पोरगी बरी आहे." मग माझ्याकडं वळून, "काय केलंस नक्की?"

मी सांगितलं. गाल, चिमटा, डबा, पुली, सगळं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी खूपच बोलतेय, आणि मधे थांबलेले नाही. सिस्टर दारात येऊन ऐकत होत्या. त्यांनी मला असा एक डबा वॉर्डासाठी करून द्यायला सांगितलं. मी हो म्हटलं.

बार्शीला गाडी बदलावी लागते. भूमच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. एक्स-रेचं पाकीट मी मांडीवर धरलं होतं. आण्णांना आईसाठी काहीतरी गोड घ्यायचं होतं. "आलोच," म्हणून ते खाली उतरले. ते दुकानापाशी पोचतात न पोचतात तोच ड्रायव्हर चढला, कंडक्टरनं दोरी ओढली आणि गाडी हलली. आण्णा पाठमोरे, हातात पुडा, त्यांना काही पत्ताच नाही.

तिकीट मागताना जिला कंडक्टरला दोनदा विचारावं लागायचं, ती मी. मी उठून उभी राहिले, आत श्वास घेतला, तो घेता घेता डाव्या बाजूला खालपर्यंत पोचलेला कळला, आणि ओरडले:

"ओ कंडक्टर, थांबवा गाडी! माझे वडील खाली राहिलेत! आण्णा, अहो आण्णा, पळा, इकडं!"

एका दमात. गाडी कचकन थांबली. स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली, हमाल बघायला लागले, पलीकडच्या फलाटावरच्या गाडीतली माणसंही वाकून बघायला लागली. आण्णा पळत आले आणि पुडा छातीशी धरून आत चढले.

"बाई गं!" मागच्या सीटवरची एक बाई कानावर हात ठेवून म्हणाली. "छाती हाय का नगारा?"

आण्णा माझ्याजवळ बसले. त्यांना धाप लागली होती. मला नव्हती. गाडी गावाबाहेर पडली तेव्हा हळूच म्हणाले, "पुन्यांदा वरड की."

"आण्णा, लोक बघतायत."

"बघू दे," ते म्हणाले.